तालमीच्या भिंतीवर ७१ सालचा पोरींचा वर्ल्ड कप कसा मांडायचा

फ्लेक्स छापायला टाकायच्या आधी हे वाचा, नाहीतर आमच्यासारखं होईल. पेठेतल्या पोरींच्या टीमसाठी तालमीच्या हॉलमध्ये मेक्सिकोतल्या १९७१च्या महिला वर्ल्ड कपची भिंत करायची ठरली. मजकूर मी स्वतः टाइप करून दिला, प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं ते रात्री साडेअकराला, मी अर्धवट झोपेत 'ओके' टाकलं आणि सकाळी सहा बाय चारचा फ्लेक्स उलगडला तर वरच्या कोपऱ्यात हा एवढा मोठा फिफाचा लोगो. डिझायनर पोरगा म्हणतोय, "ताई, वर लै मोकळं दिसत होतं." आता ज्या स्पर्धेची सगळी गोष्टच ही की फिफानं ती कधी आपली मानली नाही, तिच्याच डोक्यावर फिफाचा शिक्का! पांढरा कागद चिकटवून झाकला, लांबून कळत नाही, जवळून कळतं.

तर पहिला नियम हाच, प्रूफ सकाळी चहा घेऊन बघायचं, आणि तेही दोघींनी.

आता भिंत कुठून सुरू करायची. बहुतेक जण इथंच चुकतात, कारण गुगलवर "पहिला महिला वर्ल्ड कप" टाकलं की चीन १९९१ येतं आणि मग सगळी भिंत तिथूनच पुढं चालू लागते. ९१ खोटं नाही, फिफाचा पहिला तोच. पण त्याच्या वीस वर्षं आधी मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियममध्ये लाखभर माणसं पोरींची फायनल बघायला बसली होती हे कुणाला माहीतच नसतं. आणि नुसतं "१९७१, मेक्सिको, सहा टीम" असं लिहून टांगलं तर आपल्या पेठेत कोण थांबून वाचणार आहे? पोरं चपला काढून सरळ आत जातात.

म्हणून कोल्हापूरकराला जे आधीच पाठ आहे तिथून सुरू करा. वर्ल्ड कप आला की आपल्याकडं चौकाचौकात मेस्सी, रोनाल्डो, नेमारचे कटआउट उभे राहतात, अर्जेंटिनावाले आणि ब्राझीलवाले एकमेकांशी बोलायचे बंद होतात. त्यातल्या कुठल्याही अर्जेंटिनावाल्याला विचारा, अझ्टेकात इंग्लंडला कुणी हरवलं? लगेच उत्तर येईल, मॅराडोना, १९८६, एक गोल हातानं आणि एक अर्ध्या मैदानातनं सगळ्यांना चुकवत. बरोबर. आता त्याच्या शेजारी दुसरा कागद लावा: २१ ऑगस्ट १९७१, तेच अझ्टेका, अर्जेंटिना ४, इंग्लंड १, चारही गोल एल्बा सेल्वा. मॅराडोनाच्या पंधरा वर्षं आधी. आणि ही अर्जेंटिनाची टीम कोच न घेता मेक्सिकोला पोचली होती.

आमच्याकडं हे दोन कागद लावल्यावर एक काका दहा मिनिटं उभे होते. ते पक्के मॅराडोनाभक्त, घरात फोटोला हार घालतील असे. "चारी?" एवढंच म्हणाले. मग घरी जाऊन नातीला घेऊन आले. या दोन कागदांनी जे काम केलं ते बाकीच्या सगळ्या भिंतीनं मिळून केलं नाही, खरं सांगते.

अर्जेंटिनात आता २१ ऑगस्ट हा महिला फुटबॉलपटूंचा दिवस म्हणून पाळतात, याच मॅचमुळं. तुम्हाला उद्घाटनाला तारीख हवी असेल तर हीच धरा. फक्त ऑगस्टमध्ये आपल्याकडं पाऊस कसा असतो ते वेगळं सांगायला नको, त्यामुळं भिंत हॉलच्या आतच करा, ओसरीत नको.

मधल्या मोठ्या फ्लेक्सवर काय घालायचं? सगळं घालू नका. स्पर्धा १५ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर १९७१. मैदानं दोन, मेक्सिको सिटीचं अझ्टेका आणि ग्वादालाहाराचं हालिस्को. टीम सहा: मेक्सिको, अर्जेंटिना, इंग्लंड, डेन्मार्क, इटली, फ्रान्स. मॅच एकूण अकरा, त्यामुळं सगळे स्कोअर एका पुठ्ठ्यावर मावतात आणि ते पोरींकडनं हातानंच लिहून घ्या. एका गटात मेक्सिको ३ अर्जेंटिना १, अर्जेंटिना ४ इंग्लंड १, मेक्सिको ४ इंग्लंड ०. दुसऱ्या गटात डेन्मार्क ३ फ्रान्स ०, इटली १ फ्रान्स ०, डेन्मार्क आणि इटली १-१. सेमीला डेन्मार्कनं अर्जेंटिनाला ५-० धुतलं आणि मेक्सिकोनं इटलीला २-१. पाचव्या नंबरला फ्रान्स ३ इंग्लंड २, तिसऱ्याला इटली ४ अर्जेंटिना ०. फायनल डेन्मार्क ३, मेक्सिको ०, आणि तिन्ही गोल सुझान ऑगस्टेसन नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरीचे.

पंधरा! हा आकडा मोठा लिहा, पण नुसता लिहून सोडू नका. आम्ही काय केलं ते सांगते, खर्च शून्य आहे. शाळेत उंची मोजायला भिंतीवर रेघा असतात ना, तशी एक उभी पट्टी केली, पण उंचीच्या जागी वय. तळाला १०, वर २५. त्यावर लीआ केलेब, इंग्लंड, १३. जिल सेयल, इंग्लंड, १४. ऑगस्टेसन, डेन्मार्क, १५. मग आमच्या प्रत्येक पोरीनं आपल्या नावाची चिठ्ठी आपल्या वयासमोर लावायची. भाची चौदाची, तिची चिठ्ठी जिल सेयलच्या शेजारी आली. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, मी तर अजून एकटी पुण्याला पण गेलो नाही." (आमच्या पोरी 'गेलो, खेळतो, मारतो'च म्हणतात, बाहेरच्यांना वाटतं व्याकरण कच्चं आहे, तसं नाही, ही कोल्हापूरची बोली आहे, फलकावर पण तसंच राहू द्या, शुद्ध करायला जाऊ नका.)

आता प्रेक्षकांचा आकडा, कारण यावर वाद हमखास होतो. फायनलला सुमारे १ लाख १० हजार लोक होते असं सांगितलं जातं. 'सुमारे' हा शब्द खाऊ नका. शेजारी बाकीचे आकडे लावा म्हणजे अंदाज येईल: १९९९च्या फिफा वर्ल्ड कप फायनलला अमेरिकेत रोझ बोलमध्ये ९०,१८५, आणि २२ एप्रिल २०२२ला कँप नूवर बार्सिलोना विरुद्ध वोल्फ्सबर्ग मॅचला ९१,६४८. या शेवटच्या आकड्याला सगळीकडं महिला फुटबॉलचा विश्वविक्रम म्हणून छापलं गेलं. ७१चा आकडा त्याहून मोठा, पण स्पर्धा मान्यतेची नव्हती, मग रेकॉर्डही कुणाच्या वहीत नाही. आम्ही चार आकड्यांच्या चार पट्ट्या कापल्या, दहा हजारला एक इंच या हिशोबानं. आपलं शाहू स्टेडियम केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, फायनलला खच्चून भरलेलं असतं ते पोरींनी बघितलेलंय. त्याची पट्टी केवढी होईल हे त्यांनीच अंदाजानं कापून बघितलं, वाद झाला, कात्री हरवली, चालायचंच. हीच चौथी पट्टी.

मग पोरी विचारणारच की एवढी माणसं होती तर विसरले कसे. याचं उत्तर भिंतीवर असलंच पाहिजे, नाहीतर सगळी भिंत नुसती 'अगंबाई केवढं मोठं' होऊन बसते.

उत्तर असं. ही स्पर्धा भरवली ती फिफानं नाही, इटलीतून चालणाऱ्या एका स्वतंत्र महिला फुटबॉल फेडरेशननं, आणि पैसा मार्टिनी अँड रोस्सी या दारूच्या कंपनीचा. त्यांनी आदल्या वर्षी १९७०ला इटलीत असाच एक वर्ल्ड कप करून बघितला होता, तिथं तुरीनला फायनलमध्ये डेन्मार्कनं इटलीला २-० हरवलं. म्हणजे डेन्मार्कच्या पोरी सलग दोनदा जगज्जेत्या, आणि आपल्याला डेन्मार्क म्हटलं की बिस्किटाचा डबा आठवतो. मेक्सिकोच्या फुटबॉल फेडरेशननं आपल्या क्लबांना दम दिला की मैदान दिलं तर दंड. पण अझ्टेका टीव्हीवाल्यांच्या खासगी मालकीचं. त्यांना दिसत होतं की आदल्याच वर्षी, २१ जून १९७०ला, याच मैदानात पेलेच्या ब्राझीलनं इटलीला ४-१ हरवून कप नेला, स्टेडियम तयार आहे, लोकांच्या डोक्यात फुटबॉल अजून ताजा आहे. म्हणजे बंदी घालणाऱ्यांनी मैदानं बंद केली आणि पोरी देशातल्या सगळ्यात मोठ्या मैदानात जाऊन खेळल्या. या वाक्याला आमच्याकडं टाळ्या पडल्या.

इंग्लंडचा कागद वेगळा करा, कारण तिथली गोष्ट आणखी जुनी आहे. प्रेस्टनच्या डिक, कर या कारखान्यातल्या बायकांची टीम होती. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर त्यांची मॅच बघायला ५३ हजार लोक आले, आणि वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या एफएनं, म्हणजे तिथल्या फुटबॉल असोसिएशननं, ठरवलं की हा खेळ बायकांना शोभत नाही, आपल्या क्लबांनी त्यांना मैदानं द्यायची नाहीत. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. ७१ला इंग्लंडची टीम ल्युटनच्या हॅरी बॅट नावाच्या माणसानं आपल्या हिमतीवर नेली, कॅप्टन कॅरल विल्सन. मेक्सिकोत विमानतळावर फोटोग्राफरांची झुंबड, रस्त्यावर सह्या मागणारी गर्दी, आणि घरी परतल्यावर काय? बॅटवर बंदी, पोरींवर काही महिन्यांची बंदी. त्यातल्या कितीतरी जणी मग वर्षानुवर्षं यावर बोलल्याच नाहीत. पन्नाशी-साठी उलटल्यावर परत एकमेकींना भेटल्या.

आणि हा माझा सगळ्यात आवडता कागद, तुम्ही तो दाराजवळ लावा. फ्रान्स विरुद्ध नेदरलँड्स, १७ एप्रिल १९७१, आझब्रूक, फ्रान्स ४-० जिंकलं. फिफा आज या मॅचला महिलांची पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय मॅच मानते. आणि ही मॅच होती कशाची? मेक्सिकोच्या याच वर्ल्ड कपची क्वालिफायर! म्हणजे दारापर्यंतची वाट मान्य आणि घर अमान्य. मी हे वाचलं तेव्हा एकटीच हसत बसले होते.

नावं लिहिताना सांभाळा. स्पॅनिशमध्ये जे अक्षर इंग्रजी जे सारखं दिसतं ते 'ह' होतं, म्हणून जालिस्को नाही, हालिस्को. स्पर्धेची शुभंकर एक बाहुली होती, दोन वेण्या, बगलेत बॉल, तिचं नाव सोचित्ल, मेक्सिकोच्या जुन्या नाहुआत्ल भाषेत त्याचा अर्थ फूल. आम्ही आधी 'झोचीटल' लिहिलेलं. जुन्या मेक्सिकन पेपरांची कात्रणं नेटवर सापडतात, मोबाइलचा कॅमेरा धरला की भाषांतर होतं, कामचलाऊ होतं पण तारीख, स्कोअर, नावं कळतात. एकाच ठिकाणी वाचलेलं फलकावर घालू नका, दोन वेगवेगळ्या ठिकाणी तेच मिळालं तरच घाला. बरीच पानं एकमेकांचंच उचलून लिहितात, तर ती दोन धरू नका, एकच धरा.

फोटोंचं म्हणाल तर नेटवरनं एजन्सीचे फोटो उतरवून छापू नका, एक तर ते कुणाच्या तरी मालकीचे आणि दुसरं म्हणजे सहा फुटावर ताणले की नुसते चौकोन चौकोन दिसतात. कोल्हापुरात चित्र काढणाऱ्यांचा तुटवडा आहे का? पोरींनाच ड्रॉइंग पेपर द्या. आमच्या गोलीनं मेक्सिकोच्या अलिसिया वार्गासचं चित्र काढलं, जिला तिथं 'ला पेले' म्हणायचे. पाय जरा जास्तच लांब झालेत पण चित्राला जीव आहे.

थर्मोकोल आणू नका, बंदी आहे, आणि तसंही तो चुरा आठवडाभर निघत नाही. पुठ्ठा, खळ, सुतळी बास.

आता गुलाबी खांब. ही गोष्ट वाचून पोरींनी गोंधळ घातला म्हणून जरा सविस्तर. स्पर्धा 'बायकांची' वाटावी म्हणून आयोजकांनी गोलपोस्टला गुलाबी-पांढरे पट्टे मारले होते. खरंच. तिकिटं खपवायची युक्ती. आम्ही दोन कळक आणले, सात-सात फुटांचे, गाठी कानशीनं घासून घेतल्या, आधी पांढरा हात दिला, वाळल्यावर वीतभर अंतरानं कागदी टेप गुंडाळून मधे गुलाबी. टेप रंग ओला असतानाच काढायची, वाळल्यावर काढली की पापुद्रे निघतात. रंग फिका घ्या, आम्ही पहिल्यांदा आणला तो थेट गुलालाचा निघाला, खांब मिरवणुकीतले वाटायला लागले, परत पांढरा मिसळला.

खांब दारात उभे केले आणि तिथंच एक कोरा कागद लावला: 'हे तुम्हाला आवडलं असतं का?' निम्म्या पोरींनी लिहिलं मस्त, निम्म्यांनी लिहिलं पोरांच्या पोस्टला निळे पट्टे मारा मग. एकीनं लिहिलं, 'पोस्ट कसला पण असू दे, बॉल आत गेला पाहिजे.' यावर मोठ्यांनी मत देऊ नये असं माझं मत, सर्वात आधी मीच दिलेलं ती गोष्ट वेगळी.

पैशाची गोष्ट मात्र गाळू नका, ती पोरींना लगेच कळते. मेक्सिकोच्या खेळाडूंनी फायनलच्या आधी २० लाख पेसो मागितले, नाहीतर खेळणार नाही म्हणाल्या. तिकिटं विकली जातायत, टीव्ही आहे, जाहिराती आहेत, आणि खेळणाऱ्यांना काहीच नाही. पेपरवाले कालपर्यंत डोक्यावर घेत होते ते लगेच फिरले. पैसे मिळाले नाहीत, तरी पोरी उतरल्या आणि हरल्या. आमच्या हॉलमध्ये यावर जी चर्चा झाली ती मी इथं लिहीत नाही, आपल्याकडच्या स्पर्धांच्या बक्षिसांच्या रकमा निघाल्या, पोरांना किती आणि पोरींना किती.

१९९१पर्यंतचा पूल एकाच कागदात संपवा, लांबवू नका. १९८६ला फिफाची सभा मेक्सिको सिटीतच होती, तिथं नॉर्वेच्या एलन विल्ले उठून बोलल्या की महिलांचा वर्ल्ड कप पाहिजे. १९८८ला चीनमध्ये बारा टीमची चाचणी स्पर्धा झाली, नॉर्वेनं स्वीडनला १-० हरवलं. मग नोव्हेंबर १९९१, चीन, अमेरिका २ नॉर्वे १, मिशेल एकर्सचे स्पर्धेत दहा गोल. मॅच ८० मिनिटांच्या ठेवलेल्या. आणि फिफाला तेव्हा वर्ल्ड कप हे नाव द्यायला पण जड गेलं, लांबलचक 'जागतिक अजिंक्यपद' आणि पुढं एम अँड एम्स चॉकलेटच्या नावाचा कप. आधी दारू, मग चॉकलेट.

भारताचा कागद शेवटी नको, मधे लावा, लोक शेवटपर्यंत जात नाहीत. १९७५ला भारतात महिला फुटबॉलची वेगळी फेडरेशन झाली. त्याच वर्षी हाँगकाँगला आशियातली पहिली महिला स्पर्धा झाली, ती जिंकली न्यूझीलंडनं. आणि जानेवारी १९८०ला कालिकतमध्ये, आपल्याच देशात, त्यानंतरची एक आशियाई स्पर्धा. यजमान म्हणून भारताच्या दोन टीम उतरल्या, एक दक्षिणेची एक उत्तरेची, त्यातली दक्षिणेची फायनलला गेली आणि चायनीज तैपेईकडून, म्हणजे तैवानकडून, हरली. १९८३ला बँकॉकला भारत परत उपविजेता. शांती मल्लिकना त्याच वर्षीचा अर्जुन पुरस्कार, भारतात महिला फुटबॉलपटूला मिळालेला पहिला, आणि पुढचा मिळायला बेमबेम देवींपर्यंत थांबावं लागलं, २०१७. पोरींना हे लावताना मला जरा लाजच वाटली, मला पण हे सगळं चाळिशी ओलांडल्यावर कळलं.

आणि एक पुठ्ठा पूर्ण कोरा ठेवा, वर फक्त 'आपल्या पेठेतल्या'. आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव सतरा वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, पण शाळा-कॉलेजात फुटबॉल खेळलेल्या बायका गल्लीगल्लीत आहेत त्यांचं कुणाला काय माहीत. त्यांच्याकडं जा. "तुमची मुलाखत घ्यायची आहे" म्हणू नका, घाबरतात. "काकी, जुना फोटो आहे का?" एवढंच विचारा, कपाटातली पिशवी बाहेर येते आणि मग दोन तास उठायचं नाव नाही. फोटो घरी घेऊन येऊ नका, तिथंच खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, मोबाइल अगदी सरळ वरून धरून काढा. फ्रेममध्ये चिकटलेला असेल तर ओढू नका, काचेसकट काढा, जरा तिरकं उभं राहिलं की चमक जाते. नावं मूळ फोटोच्या मागं पेनानं लिहायची नाहीत, पुढं शाई उमटते, वेगळ्या चिठ्ठीवर लिहा, डावीकडून उजवीकडं. लावू का, नाव घालू का, दोन्ही वेगवेगळं विचारा. एका काकींनी फोटो लावा म्हणाल्या पण नाव नको, सासरी अजून माहीत नाही म्हणे. लावला, नाव घातलं नाही. वाचनालयात जुने पेपर चाळायला मिळतात का तेही विचारून ठेवा, वर्ष आणि स्पर्धा काकींकडून आधी कळली असेल तरच, नाहीतर ढिगात सुई.

भिंत काढताना डबल टेप ओढू नका, तालमीचा नवा ऑइलपेंट त्यासकट येतो आणि मग वस्तादांपुढं उभं राहायची पाळी येते. सुतळीला चिमटे लावा. फ्लेक्स छापील बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, घडी घालू नका. आमचे गुलाबी कळक सध्या कुणीतरी प्रॅक्टिसला नेलेत, एक गोल त्याच्यात झालाय म्हणे, पण बॉल आत होता की बाहेर यावर अजून मिटलेलं नाही.